जंगीतले घरटे

आजचा धागा एका भिंतीविषयी आहे. भिंत दगडाची, जुनी, आणि आपल्यापैकी अनेकांनी तिच्यापुढे उभे राहून छायाचित्र काढून घेतलेले आहे.

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या आवारातील बागेत, ऊन कलल्यावर, तटाकडे तोंड करून बसावे. इतिहासाची आवड असलेल्याला तिथे खंदक दिसतो, दुहेरी तट दिसतो, बहमनी काळातील बांधणी दिसते. फार तर मे १८१८ आठवतो: जनरल मन्रोच्या फौजेने सोलापूर घेतले आणि पेशवाईचा दख्खनमधील एक शेवटचा आधार गेला. या तटाकडे पाहण्याची आपली रीत अशी आहे. आपण दगड पाहतो आणि दगडामागची माणसे आठवतो.

पण अर्धा तास न हलता बसले, तर तट जिवंत होऊ लागतो. वरच्या एखाद्या छिद्रातून पोपट मान बाहेर काढतो. सांद्यात शिरताना साळुंकी क्षणभर थांबून मागे पाहते. कबुतरे तर सगळीकडेच. अंधार पडता पडता एखाद्या कोनाड्यातून पिंगळा बाहेर येऊन बसतो आणि आपल्याकडे टक लावून पाहतो. आपण त्याच्या दारात बसलेलो असतो म्हणून.

बंदुकीचा मारा करण्यासाठी तटात ठेवलेल्या तिरक्या छिद्राला जंगी म्हणतात, हे या धाग्याच्या वाचकांना सांगायला नको. आत रुंद, बाहेर अरुंद. आतल्याला बाहेरचे दिसावे, बाहेरच्याला आतले दिसू नये. ज्या गुणांमुळे ही जागा शिपायाला सोयीची होती, त्याच गुणांमुळे ती पाखरालाही सोयीची आहे. शिपाई गेला. जंगी रिकामी राहिली नाही.

मराठी भाषेला हे शेजारपण फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मेणाच्या आणि शेणाच्या घरांची गोष्ट आपण बालपणी ऐकलेली असते. ती आजीने रचलेली नव्हे. मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानल्या जाणाऱ्या ‘लीळाचरित्रा’त ती आहे, मात्र तिथे चिमणी नाही, साळै आहे. म्हणजे सुमारे सात शतकांपूर्वीच्या मराठी माणसालाही पाखराचे ‘घर’ हा शब्द सहज सुचत होता, आणि ते कशाचे बांधलेले आहे याची चौकशी करावीशी वाटत होती.

सोलापूर आणि आसपासच्या माळवदाच्या घरांत ही चौकशी रोजचीच होती. जाड मातीच्या भिंती, तुळया, त्यांवर आडव्या लाकडांचा थर, वर मातीचे धाबे. तुळईच्या टोकाशी चार बोटांची फट राहतेच. त्या फटीतून खाली पडणारी काडी म्हणजे चिमणीने संसार मांडल्याची वर्दी. काड्या झाडून टाकायच्या, घरटे नाही, हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता. पण हे पाहणे म्हणजे सोबत राहणे होते. तारीख, जागा, अंड्यांची संख्या असे टिपून ठेवणे त्यात नव्हते. ती शिस्त आली, आणि जिथून ती आली ती वाट मोठी विचित्र आहे.

विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतील अधिकारी. त्याला मराठी उत्तम येत असे. १८१७ च्या खडकी आणि पुण्याच्या लढायांत तो होता, आणि त्यानंतर मराठ्यांचे डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही. पुढे १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले: लोकसंख्या, जमीन, पिके, महसूल. या कामासाठी भटकताना त्याने प्राणी, मासे आणि पक्षीही टिपले. त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कामकाजात प्रसिद्ध झाली.

त्या यादीत एक साधासा, धुरकट तपकिरी रंगाचा पक्षी आहे. साइक्सने त्याला ‘हिरुंडो कॉन्कलर’ म्हटले; कॉन्कलर म्हणजे एकरंगी. इंग्रजीत आज त्याचे नाव डस्की क्रॅग मार्टिन. आपण त्याला कड्यावरची भिंगरी म्हणू. शास्त्रीय नावातील पहिला शब्द पुढे बदलला, पण ‘कॉन्कलर’ आणि त्यामागचे साइक्सचे नाव टिकले. ही भिंगरी मूळची कड्यांची रहिवासी. कातळाच्या पुढे आलेल्या कंगोऱ्याखाली ती चिखलाच्या गोळ्या चिकटवून अर्ध्या वाटीसारखे घरटे करते. माणसाने दगडाचे तट, कमानी, लेणी आणि पूल बांधले, तेव्हा तिने त्यांनाही कडाच मानले. किल्ल्याच्या दरवाजाची कमान तिच्या लेखी पावसापासून आडोसा असलेला कातळ आहे, एवढेच.

जो शिपाई १८१७ नंतर आपले किल्ले घ्यायला आला, त्यानेच पंधरा वर्षांनी त्या किल्ल्यांच्या भिंतींवर राहणाऱ्या पाखराला जगाच्या शास्त्रात नाव दिले. मला ही गोष्ट प्रथम कळली तेव्हा राग यावा की आभार मानावेत, ते ठरेना. अजूनही ठरलेले नाही. लाल बुडाची भिंगरीही (कमानीच्या छताला आडव्या सुरईसारखे मातीचे घरटे करणारी ती) आपल्याकडच्या रूपात शास्त्राला कळली ती साइक्सच्याच वर्णनातून.

साइक्सच्या काळी पक्षी ‘पाहणे’ म्हणजे पक्षी मारणे होते. दुर्बिणी आजच्यासारख्या नव्हत्या. हातात धरून मोजल्याखेरीज जात ठरत नसे. घरट्यांच्या बाबतीत याच पद्धतीने पुढे एक वेगळे, काहीसे वेडे रूप घेतले. त्याचे हिंदुस्थानातील सर्वांत मोठे नाव म्हणजे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, तोच, १८८५ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामागचा ह्यूम. राजकारणाच्या पुस्तकांतून तो आपल्याला अर्धाच भेटतो.

ह्यूमने देशभरच्या हौशी निरीक्षकांचे जाळे उभे केले. कलेक्टर, रेल्वेचे इंजिनियर, लष्करी डॉक्टर, जंगल अधिकारी असे सगळे त्याला पत्रे आणि पेट्या पाठवत. त्याच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात १८७८ साली डेव्हिडसन आणि वेंडन या दोघांनी दख्खनच्या पक्ष्यांवर सविस्तर लेख लिहिला. हिंदुस्थानी पक्ष्यांची घरटी आणि अंडी हाच विषय असलेला ह्यूमचा ग्रंथ १८७३ पासून निघाला. त्याची दुसरी, तीन खंडांची आवृत्ती ओट्सने संपादून १८८९-९० मध्ये पूर्ण केली. मधल्या काळात एक दुर्दैव ओढवले. सिमल्याच्या घरातून ह्यूमची वर्षानुवर्षांची हस्तलिखिते चोरीला गेली आणि बाजारात रद्दीच्या भावाने विकली गेली. एका खंडप्राय देशाच्या पाखरांचा दप्तरखाना पुड्या बांधायला गेला! मोडी कागदांच्या वाट्याला आलेली गत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. त्यानंतर ह्यूमने आपला सुमारे ८२ हजार नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

अंडी गोळा करण्याची रीत सांगतो. घरटे शोधायचे. अंडी पूर्ण घातली जाईपर्यंत थांबायचे. मग सगळी उचलायची. कवचाला बारीक छिद्र पाडून आतला बलक फुंकून काढायचा, कवच कापसात ठेवायचे, चिठ्ठीवर तारीख आणि गाव लिहायचे. तारीख आणि गाव लिहिण्याची ही शिस्त पुढे आपल्या कामाची ठरली. पण या पद्धतीत एक मूलभूत खोट होती. उचललेल्या अंड्यातून काय कळते? रंग, आकार, संख्या, महिना. ते किती दिवस उबवले गेले असते, कोणी उबवले असते, पिलाला काय भरवले गेले असते, ते कधी उडाले असते, हे त्या घरट्याविषयी कधीच कळणार नसते. संग्राहक कथेचे पहिले पान फाडून नेत होता आणि ते पान जपून ठेवत होता.

तरीही त्या पेट्यांची चेष्टा करण्याआधी एक गोष्ट ऐकावी. १९६७ साली डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने जुन्या संग्रहांतील शिकारी पक्ष्यांची अंडी काढून त्यांची नव्या अंड्यांशी तुलना केली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अंड्यांची कवचे पातळ झाली होती. डीडीटीसारख्या कीटकनाशकांविरुद्धचा तो एक निर्णायक पुरावा ठरला. कापसात ठेवलेल्या, चिठ्ठी लावलेल्या कवचांनी उरलेल्यांना वाचवायला मदत केली. इतिहासात अशी वळणे येतात. म्हणून जुन्या माणसांना आजच्या फूटपट्टीने झटकन मोजू नये.

आता मुंबईकडे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांत दोन मराठी डॉक्टर होते: आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. आणखी एक संस्थापक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी लिहिणारा. त्याचा जन्म १८५१ चा, साताऱ्याचा. त्याच १८८३ मध्ये आलेले त्याचे ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक बंगल्यात आणि बंगल्याभोवती राहणाऱ्या प्राण्यांविषयी आहे. सरहद्दीवरच्या टोळ्यांची वर्णने लिहिण्याची त्या काळी फॅशन होती. या गृहस्थाने आपल्या घरातील उंदीर, पाली, कावळे यांनाच टोळ्या ठरवले. ह्यूमचे पथक रानोमाळ फिरत असताना साताऱ्यात जन्मलेला हा माणूस ओसरीवरून पाहत होता. इमारतीतील पाखरांकडे पाहण्याच्या परंपरेत मी त्याला साइक्सच्या बरोबरीने बसवतो.

इंग्लंडमध्ये एडमंड सेलस नावाच्या निरीक्षकाने १९०१ साली एक पुस्तक काढले. नाव साधेच, ‘बर्ड वॉचिंग’. पक्षी मारून जे कळते त्याहून कितीतरी अधिक, मुकाट्याने बसून पाहिल्यास कळते, असा त्याचा आग्रह. तो स्वतः आधी बंदूक चालवणारा होता.

या पुस्तकानंतर पाच-सहा वर्षांनी मुंबईत दहा वर्षांच्या एका मुलाने चिमणीच्या घरट्याविषयी एक टिपण केले. ते टिपण वाचताना आजही अंगावर काटा येतो, आणि कौतुकही वाटते.

मुलाचे नाव सालिम अली; जन्म १२ नोव्हेंबर १८९६. साल १९०६-०७. तबेल्याच्या भिंतीतील भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर एका खिळ्यावर पहाऱ्याला. मुलगा उभ्या गाडीच्या आडोशाला दबा धरून बसला आणि त्याने नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळवला. तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. मुलाने त्यालाही मारले. तिसरा आला. सात दिवसांत त्या एका खिळ्यावरून आठ नर पडले, आणि प्रत्येक वेळी जागा भरली गेली.

हे सर्व त्या मुलाने लिहून ठेवले. खेळ म्हणून केलेल्या या प्रकारात त्याला जे दिसले ते खरेखुरे शास्त्र होते: नर घरट्याची राखण करतो, भोवती जोडीदार न मिळालेले नर वाट पाहत असतात, घरट्याची जागा मोलाची असते. म्हाताऱ्या सालिम अलींनी १९८५ च्या आत्मचरित्रात ही नोंद लपवली नाही, छापली. मला त्यांच्याविषयी वाटणारा आदर त्या प्रामाणिकपणामुळे वाढतो. पण आठ नर हे त्या ज्ञानाचे मोल होते, हेही विसरता येत नाही.

तेच सालिम अली १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. नोकरी नव्हती, वेळ होता, आणि जवळच सुगरणींची वसाहत होती. त्यांनी शिडीवर आडोसा उभा केला आणि त्यात बसून ते दिवसचे दिवस पाहत राहिले. कोणता नर कोणते घरटे विणतो, मादी कधी येते, कोणते घरटे नाकारते. सुगरण नर एकामागून एक घरटी अर्धवट विणतो, मादीने पसंत केल्यावर ते पूर्ण करतो, आणि मग पुढच्या घरट्याला आणि पुढच्या मादीच्या शोधाला लागतो, हे त्यांनी उलगडले. तो लेख १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि त्याने त्यांचे नाव केले. पुढेही संग्रहासाठी ते पक्षी मारतच राहिले. त्यांना संत करण्याची गरज नाही. पण सुगरणीचे हे गुपित बंदुकीने कळणे शक्यच नव्हते. खिळ्यावरच्या चिमणीपासून किहीमच्या शिडीपर्यंत एकाच माणसाच्या आयुष्यात घरटे पाहण्याची दोन युगे मावली.

कायदा या वाटेने फार हळू चालला. १८८७ च्या वन्य पक्षी संरक्षण कायद्याने नगरपालिका आणि छावण्यांना एवढाच अधिकार दिला की, विणीच्या काळात ताजे मारलेले किंवा पकडलेले पक्षी बाळगण्यावर व विकण्यावर बंदीचे नियम करावेत. १९१२ मध्ये आणखी एक कायदा झाला. खरा बदल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केला. त्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या एकदा अवश्य वाचावी. वन्य पक्ष्याची अंडी नष्ट करणे किंवा त्यांची नासधूस करणे तर शिकार आहेच. अंड्यांना किंवा घरट्याला नुसता उपद्रव देणे, हेही त्या व्याख्येत येते. दीडशे वर्षांपूर्वी जे विद्वत्तेचे लक्षण होते, त्याला आज कायदा शिकार म्हणतो.

सोलापूरला या कथेत आपला माणूस आहे. मारुती चितमपल्ली, जन्म १९३२, सोलापूर. वनखात्यात आयुष्य गेले, आणि १८ जून २०२५ रोजी सोलापुरातच त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. २००६ साली सोलापुरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव ‘घरट्यापलीकडे’. पण या धाग्यापुरते त्यांचे मोठे काम शब्दांचे आहे. बगळ्या-करकोच्यांच्या विणीच्या वसाहतीला त्यांनी ‘सारंगागार’ म्हटले, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’. ज्याला नाव नाही ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. ‘चिंचेवर खूप बगळे आहेत’ आणि ‘हे सारंगागार आहे’ या दोन वाक्यांत पाहणाऱ्याची जबाबदारी बदलते. दुसऱ्या वाक्यानंतर ती चिंच तोडणे अवघड होते.

शहराबाहेर नान्नजला दुसरा धडा आहे. १९७९ साली तिथे माळढोकासाठी अभयारण्य झाले. माळढोकाला भिंत नाही, जंगी नाही; उघड्या माळावर, जमिनीवर, बहुधा एकच अंडे. तिथे निरीक्षक किती दूर थांबतो यावर सगळे अवलंबून असते. सोलापूरच्या उन्हात मादी अंड्यावरून उठली, तर ते अंडे थंड होत नाही, शिजते. घरट्याजवळ फार वेळ थांबू नये, हे थंड देशांतील पुस्तके गारठ्याच्या भीतीने सांगतात. आपल्याकडे ते उन्हाच्या भीतीने सांगायला हवे.

हीच गोष्ट शहरातील गच्चीवर घडते. मोकळी जमीन आटली तशी टिटवी सपाट छपरांवर अंडी घालू लागली आहे. खडी, वाळलेले गवत, तीन-चार ठिपकेदार अंडी. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस मोठा, असे आपले आडाखे सांगतात. इमारतींच्या छपरांना तो आडाखा किती लागू करावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. कडक उन्हात टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. पाण्याची टाकी पाहायला गच्चीवर गेलेल्या माणसाच्या डोक्यावर ती ओरडत घिरट्या घालते, तेव्हा तो चिडून काठी उचलतो. त्याने चार पावले मागे यावे, एवढेच तिचे म्हणणे असते.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हा धागा लिहायला घेतला. आपल्यापैकी बरेच जण गडसंवर्धनाच्या मोहिमांना जातात. तटावरचे गवत काढणे, झुडपे उपटणे, कोनाडे झाडणे, दरवाजे मोकळे करणे. या कष्टांविषयी मला मनापासून आदर आहे. या मुलांनी हात लावला नसता तर कित्येक तट पिंपळाच्या मुळांनी फोडले असते. पण कोनाडा झाडताना ‘कचरा’ म्हणून जे खाली येते, त्यात पुष्कळदा घरटे असते. जुन्या वास्तूंची डागडुजी करणाऱ्यांचेही तेच. दगडांच्या सांध्यांत चुना भरणे आवश्यक असते. पण आत पिले असताना सांधा बुजवला, तर त्या पिलांसाठी ती भिंत कबर होते, आणि बाहेरून कुणाला काहीच कळत नाही.

यावर ‘विणीचा हंगाम टाळावा’ असे सोपे उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे, कारण तटाला एक हंगाम नाही. पोपट हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत. पिंगळाही साधारण त्याच सुमारास. भिंगऱ्यांना चिखल लागतो, म्हणून त्यांची गडबड पावसाळ्यात अधिक, आणि कड्यावरची भिंगरी वर्षात दोनदा वीण करते. चिमणी जवळजवळ बारमाही. कमानीच्या छताला पिसे आणि काड्या लाळेने चिकटवून गठ्ठ्याने घरटी करणारी पाकोळी तर वीण नसतानाही रात्री तिथेच मुक्कामाला येते. तिची घरटी ‘जुनी, रिकामी’ समजून खरवडणारे तिचे बाराही महिन्यांचे घर पाडत असतात. पावसाळा संपून थंडी पडेपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात बरा. तोही निर्धास्त नाही. म्हणून पंचांग पाहून भागत नाही, भिंत पाहावी लागते.

भिंत पाहायची कशी? मोहिमेच्या आदल्या दिवशी, सकाळी, तासभर. घरटे शोधायला छिद्रात डोकावायचे नसते. पाखरू कुठे जाते ते पाहायचे असते. चोचीत काडी असेल तर बांधकाम चालू आहे. चोचीत किडा असेल आणि पाखरू तो न खाता उडाले, तर पिले आहेत. जंगीखाली दगडावर ताजी पांढरी शिंतड, चिखलाच्या सुकलेल्या गोळ्या, पिसे, भिंतीलगत फुटलेले कवच, या खुणा जमिनीवरच सापडतात. दुर्बीण असेल तर उत्तम. वर आग्यामोहोळ आहे का, तेही याच तासात पाहून घ्यावे. ती काळजी पाखरांची नाही, तुमची आहे.

आपण फार जवळ आलो आहोत हे पाखरूच सांगते. चोचीत भक्ष्य धरून ते जवळच्या दगडावर बसून राहिले, आत जाईना, ओरडू लागले, तर ते तुमच्या जाण्याची वाट पाहते आहे. पिले तेवढा वेळ उपाशी आहेत. मागे सरकावे, ते आत जाईपर्यंत. घरट्यात विजेरी मारू नये, फ्लॅश वापरू नये, दृश्य मोकळे करण्यासाठी फांदी किंवा गवत बाजूला करू नये. त्या आडोशावरच घरटे टिकलेले असते, आणि तुम्ही मोकळी केलेली वाट कावळ्याला आणि मांजराला आधी सापडते. आज अनेक छायाचित्र स्पर्धा घरट्यावरची छायाचित्रे स्वीकारत नाहीत, त्याला हीच कारणे आहेत. आणि नेमकी जागा समाजमाध्यमावर टाकू नये. बुरुजाचा पत्ता जगाला द्यावा, घुबडाचा नको. गव्हाणी घुबडाच्या बाबतीत तर अंधश्रद्धेपायी त्याचा जीव जाऊ शकतो.

घरी, दुकानात, कारखान्यातही हेच. मीटरच्या पेटीत किंवा शटरच्या खोबणीत चिमणीचे घरटे आढळले, तर अंडी उबायला सुमारे बारा दिवस, पिले उडायला आणखी सुमारे दोन आठवडे. महिनाभराचा प्रश्न असतो. सोलापूर सुताचे गाव; घरट्यात मागावरच्या सुताचे तुकडे आले तर नवल नाही. लांब धागा पिलाच्या पायाला गुंडाळला जाऊन पाय निकामी होतो, म्हणून तोडलेले सूत आणि पतंगाचा मांजा उघड्यावर टाकू नये. खाली पडलेले पिलू हाताळले तर आई त्याला टाकते, हा समज खोटा आहे. उघडे-नागडे पिलू अलगद परत घरट्यात ठेवावे. पंख फुटलेले, उडायला शिकणारे पिलू मात्र पडलेले नसतेच. मांजराच्या वाटेतून हलवून उंच जागी ठेवावे आणि निघून जावे, आईबाप आसपास असतात.

राहिली नोंद. साइक्सची यादी आज आपल्या उपयोगाची आहे, कारण तिला साल आहे आणि प्रदेश आहे. तबेल्यातील टिपण उपयोगाचे आहे, कारण दहा वर्षांच्या मुलाने आकडे लिहिले. आपण किल्ल्यावर शिलालेखाचा ठसा घेतो, दगडाची मापे घेतो, बुरूज मोजतो. त्याच वहीत आणखी दोन ओळींना जागा होते: तारीख, कोणता तट, कोणत्या दिशेला तोंड, कोणते पाखरू, चोचीत काय, किती वेळाने आले. उद्या कुणी विचारले की, या किल्ल्यावर २०२५ मध्ये कड्यावरची भिंगरी होती का, तर उत्तर देणारा कागद असावा. ह्यूमसारखी तो रद्दीत जाऊ देऊ नये.

आणि मोहिमेच्या दिवशी, एखाद्या जंगीशी पाखराची ये-जा दिसली, तर त्या जंगीभोवतीचे दोन हात गवत काढायचे राहू द्यावे. बाकीचा तट स्वच्छ करावा. संध्याकाळी हजेरी लिहिताना कामाच्या रकान्यात त्या दोन हातांचे कारणही लिहावे: ‘पिले आहेत. दिवाळीनंतर.’